आमल्याची पत्रं

१९८५ची दिवाळी होऊन शाळा पुन्हा भरली, त्या आठवड्यात शकुंतला सोमकुवरला मंडळाचं परिपत्रक मिळालं. सायक्लोस्टाईल केलेला एकच कागद होता, शाई जागोजागी फुटलेली. ‘आपल्या मंडळाला पाच वर्षे पूर्ण होत आहेत,’ असं त्यात लिहिलं होतं. ‘एवढ्या वर्षांत आपण एकमेकांना छाप पाठवले, पत्रे लिहिली, पण एकमेकांची तोंडे पाहिली नाहीत. तरी रविवार, १९ जानेवारी रोजी पांढुर्ण्याच्या आनंद मेळ्यात सर्व सदस्यांनी सहकुटुंब यावे. मुलांसाठी पाळणे आहेत. डबा आपापला आणावा.’

‘सहकुटुंब’ या शब्दाखाली सेक्रेटरींनी रेघ मारली होती.

मंडळ होतं आगपेटीवरचे छाप जमवणाऱ्यांचं. सौंसरच्या तहसील कचेरीतले श्रीधरभाऊ घाटोडे त्याचे सेक्रेटरी. नागपूरपासून इटारसीपर्यंत रेल्वेलाईनच्या दोन्ही अंगांना पसरलेले सत्तेचाळीस सदस्य. काटोल, नरखेड, मुलताई, बैतूल. त्यातल्या दोनच बाया. शकुंतला या छंदात शिरली ती शाळेमुळे. सौंसरच्या प्राथमिक शाळेत ती पहिली-दुसरीला शिकवायची. दशक-एकक समजावायला तिनं पोरांना घरून रिकाम्या आगपेट्या आणायला सांगितल्या, एकेका पेटीत दहा-दहा काड्या भरायला लावल्या. पोरांचा हिशेब पक्का झाला आणि पेट्या तिच्याकडे राहिल्या. कुणावर मोर होता, कुणावर जहाज, कुणावर कुलूप. टाकवेनात म्हणून तिनं छाप पाण्यात भिजवून सोडवले आणि वहीत चिकटवले. पुढे श्रीधरभाऊंच्या कानावर गेलं आणि ती सदस्य झाली.

ती तेव्हा छत्तीस वर्षांची होती. मूळ गाव रामाकोना. आई लवकर गेली, भावाचं शिक्षण व्हायचं होतं, मग भावाचं लग्न झालं, तो भिलाईला गेला. या सगळ्यात तिच्या लग्नाचा विषय दोनदा निघाला आणि दोनदा मागे पडला. नंतर कोणी काढला नाही. आता सौंसरच्या भाड्याच्या दोन खोल्यांत ती आणि तिचे वडील श्रावणजी, एवढेच.

परिपत्रक हातात घेऊन ती पहिल्यांदा एकच गोष्ट मनात बोलली: म्हणजे आमल्याहून ते येतील.

‘ते’ म्हणजे सुधाकर बारस्कर. आमला स्टेशनवर पार्सल ऑफिसात बाबू. गाड्यांमधून देशभराच्या आगपेट्या त्यांच्या हाती लागत, म्हणून मंडळात त्यांना मान होता. चार वर्षांपूर्वी शकुंतलानं त्यांना पहिल्यांदा पाच छाप पाठवले. उत्तर आलं, ‘छाप मिळाले, आभारी आहे.’ दुसरंही तसंच. तिसऱ्या पत्रात मात्र छापांच्या यादीखाली चार ओळी जास्त होत्या:

‘काल पुलावर उभा होतो. खालून मालगाडी गेली, एकेचाळीस डबे. शेवटच्या डब्यात गार्ड एकटाच बसून संत्रं सोलत होता. वाटलं, आज काय काय पाहिलंस असं या माणसाला घरी कोणी विचारत असेल का?’

त्या चार ओळी शकुंतलानं किती वेळा वाचल्या, तिचं तिलाच माहीत. उत्तरात तिनं छापांची यादी लिहिली आणि खाली लिहिलं, ‘मला कोणी विचारत नाही. पण आज मी पाहिलं ते सांगते.’ आणि शाळेच्या कौलांवर वाळत घातलेल्या मिरच्यांवर माकडांनी कशी धाड टाकली, ते तिनं सविस्तर कळवलं.

तेव्हापासून महिन्यातून दोन पत्रं जायची, दोन यायची. अक्षर देखणं, किंचित उजवीकडे झुकलेलं, ‘ळ’ला शेवटी छोटीशी गाठ. कधी थंडीत प्लॅटफॉर्मवर झोपलेल्या माणसांबद्दल, कधी चुकीच्या गाडीत बसून आमल्याला उतरलेल्या म्हातारीबद्दल. पत्रांत घरचं काही नसायचं. बायको, मुलंबाळं, काहीच नाही. शकुंतलानंही विचारलं नाही. विचारलं नाही तोवर उत्तर दोन्हीकडे झुकू शकत होतं. आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात होती. खाली ती आपलं नाव आडनावासकट लिहायची. आडनावावरून माणसं काय ते ओळखतात आणि मग पत्रांचा सूर बदलतो, हे तिनं पाहिलेलं होतं. आमल्याच्या पत्रांचा सूर बदलला नव्हता.

परिपत्रकाच्या आधी, १९८५च्याच भाद्रपदात श्रावणजींना निमोनिया झाला. बारा दिवस ती दवाखान्यात उशाशी बसून होती. ते घरी आले त्या दुपारी तिनं आमल्याला पत्र लिहिलं, आणि त्यात छापांबद्दल अक्षरही नव्हतं. ‘तुमचं पत्र आलं नाही की आठवडा अर्धवट वाटतो. बाबांजवळ बसल्या बसल्या मी तुम्हालाच सगळं सांगत होते, मनातल्या मनात. असं मी कधी कोणाला लिहिलं नाही. चुकलं असेल तर हे पत्र फाडून टाका.’

उत्तर सहा आठवड्यांनी आलं. दोन छाप आणि तीन ओळी. ‘वडिलांची प्रकृती सुधारली हे वाचून बरं वाटलं. जपावे. जानेवारीत पांढुर्ण्याला भेट होईलच.’

त्या शेवटच्या ओळीचा अर्थ लावण्यात तिचे दोन महिने गेले.

“तू एकटी कशी जाशीन?” श्रावणजी म्हणाले. “कागदावर सहकुटुंब लिवलं हाय न? मंग तुहं कुटुंब म्हंजे मीच. मी येतो.”

तिनं तिखट पुऱ्या केल्या, तिळाच्या वड्या बांधून घेतल्या, भावाच्या लग्नातली हिरवी साडी काढली आणि परत ठेवली. मग पुन्हा काढली.

एस.टी.त श्रीधरभाऊ आणि त्यांच्या पत्नी जयश्रीवहिनी बरोबर होते. मेळ्याची कल्पना वहिनींचीच. “हे लोक दिवसभर आगपेट्या पाहत बसतीन,” त्या म्हणाल्या, “अन् बायकापोरांनी का करावं? भिंतीकडे पाहत बसावं? मी म्हटलं, जिथं पाळणे आहेत तिथं घ्या तुमची सभा.”

पांढुर्ण्याला मैदानावर मेळा लागला होता. मधोमध मोठा आकाशपाळणा, बाजूला लाकडी घोड्यांचं चक्र, मौतका कुआँ, वाकडंतिकडं दाखवणाऱ्या आरशांचा तंबू. एका कडेला कनात लावून श्रीधरभाऊंनी दोन टेबलं मांडली होती. दहाच्या सुमाराला माणसं जमू लागली. पाच वर्षं नुसती नावं असलेली माणसं तोंडं घेऊन येत होती आणि ती तोंडं नावांशी जुळत नव्हती. ज्यांना सगळे पोरसवदा समजत होते ते काटोलचे प्रभाकर निघाले साठीचे, कानात यंत्र घातलेले. मुलताईचे दादाराव सातजणांना घेऊन आले होते. पोरं घोड्यांकडे पळाली, बायकांनी सतरंजी अंथरली, माणसं वह्या उघडून बसली.

आमल्याकडून येणारी पॅसेंजर अकराला होती. शकुंतलानं आपली वही टेबलावर ठेवली खरी, पण ती उभी राहिली कनातीच्या तोंडाशी, जिथून स्टेशनकडून येणारा रस्ता दिसत होता.

“बस न पोरी,” श्रावणजी म्हणाले.

“बसते बाबा. ऊन बरं वाटून राहिलं.”

पावणेबाराला रस्त्यावरून तिघं येताना दिसली. पुढे एक गोल चेहऱ्याचा, हसतमुख माणूस, बगलेत मोठी वही. मागे सात-आठ वर्षांची मुलगी आणि तिचा हात धरलेली निळ्या साडीतली बाई. तो माणूस दुरूनच ओरडला, “घाटोडेसाहेब! मी बारस्कर! आमला!”

शकुंतलाला पुढचे काही क्षण काहीच ऐकू आलं नाही. मेळ्यातला भोंगा वाजत होता, पोरं ओरडत होती, ते सगळं दूर कुठं तरी चालल्यासारखं झालं. मग श्रीधरभाऊंनी ओळख करून दिली आणि तिनं हात जोडले.

“तुम्हीच का सोमकुवर बाई!” सुधाकर बारस्कर मनापासून म्हणाले. “तुमचा तो निळा मोर आहे न, दोन मानेचा, छापताना चुकलेला! इटारसीचा एक जण मागून राहिला मला. मी देत नाही म्हटलं. ही आमची घरची, उषा. ही स्मिता.”

उषा शकुंतलाकडे पाहत होती. तिनं नुसता नमस्कार केला.

“तुमची पत्रं…” शकुंतलानं सुरुवात केली आणि थांबली. मग नेटानं म्हणाली, “तो संत्रं सोलणारा गार्ड मला अजून आठवतो.”

“कोणता गार्ड?” सुधाकर म्हणाले. त्यांनी खरोखर आठवून पाहिलं. “गुप्ता का? गुप्ताला ओळखता तुम्ही?”

शकुंतलाला वाटलं, हा माणूस बायकोसमोर साळसूद बनून राहिला. भाद्रपदातलं ते पत्र यानं वाचलं, हसला असेल, कदाचित पार्सल ऑफिसात कोणाला वाचूनही दाखवलं असेल. आणि आता माझ्या समोर उभा राहून निळ्या मोराबद्दल बोलतो. तिला तिथून तडक एस.टी. स्टँडवर जावंसं वाटलं. पण बाबांना कोणीतरी चहा दिला होता आणि ते फुंकर मारत तो सावकाश पीत होते.

श्रीधरभाऊंनी हजेरीची वही पुढे केली. नाव, गाव, सोबत किती जण.

“अवं, लिही न माझं,” सुधाकर बायकोला म्हणाले आणि टेबलाकडे वळले. “दिवसभर रजिस्टरं लिहून लिहून हात आंबतो बाप्पा. रविवारी तरी पेन नको.”

उषा क्षणभर थांबली. मग वाकून लिहू लागली. तिच्या मागोमाग शकुंतलाचा नंबर होता. उषानं ‘सुधाकर बारस्कर, आमला’ लिहिलं. खाली ‘सौ. उषा’, ‘कु. स्मिता’. मग शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी लिहायचं होतं म्हणून लिहिलं, ‘मेळा आवडला.’

अक्षर उजवीकडे झुकलेलं होतं. ‘मेळा’मधल्या ‘ळ’ला शेवटी छोटीशी गाठ होती.

उषानं पेन तिच्या हातात दिलं तेव्हा दोघींची नजर मिळाली. शकुंतलानं पेन घेतलं, पण आपलं नाव तिला लगेच लिहिता आलं नाही.

जेवणं झाली. तिखट पुऱ्या सुधाकरांना फार आवडल्या, त्यांनी तीनदा मागून घेतल्या. श्रावणजींनी स्मिताशी गट्टी केली. ते तरुणपणी नॅरोगेजच्या छोट्या लाईनीवर गँगमन होते. रूळ उन्हात कसे लांबतात, ते ते तिला हातवारे करून सांगत होते. मग ती आजोबांना घेऊन घोड्यांच्या चक्राकडे गेली. माणसं पुन्हा वह्यांत घुसली.

“तुम्ही पाळण्यात बसता का?” उषानं विचारलं. तिनं शकुंतलाशी बोललेलं ते पहिलं वाक्य. “यांना चक्कर येते. मी एकटी कशी बसू?”

शकुंतलाला नाही म्हणायचं होतं. ती म्हणाली, “चला.”

पाळण्याच्या डब्यात दोघी समोरासमोर बसल्या. पाळणेवाल्यानं दांडी लावली. एकेक डबा भरत गेला तसा पाळणा थोडा फिरायचा, थांबायचा. थांबत थांबत त्यांचा डबा सगळ्यांत वर गेला आणि तिथंच राहिला. खाली तंबूंची डोकी दिसत होती. पलीकडे जिनिंगच्या आवारात कापसाचे ढीग, त्याच्याही पलीकडे संत्र्याच्या बगीच्यांचा गडद हिरवा पट्टा.

“तुम्ही ओळखलं न?” उषा म्हणाली.

“अक्षर ओळखलं.”

“सगळी पत्रं मीच लिहीत होती. त्यांनी पहिली दोन सांगितली फक्त. छाप मिळाले, आभारी आहे. मग म्हणाले, तूच लिहीत जा दोन ओळी, मी सही करतो.”

“त्यांना माहीत आहे?”

“लिहिते, एवढं माहीत आहे. का लिहिते, ते कधी विचारलं नाही. तुमचं पत्र आलं की ते छाप काढून घेतात. कागद माझ्याकडे.”

शकुंतलानं दांडी घट्ट धरली. “मी भाद्रपदात एक पत्र लिहिलं होतं.”

“ते त्यांनी पाहिलं नाही,” उषा पटकन म्हणाली. “त्या दिवशी त्यांची ड्युटी होती. मीच फोडलं. तुम्ही लिहिलं होतं फाडून टाका म्हणून. मी चुलीपाशी घेऊन गेली. नाही जमलं. तांदळाच्या डब्यात खाली घालून ठेवलं.” तिनं पदराखालच्या बटव्यातून चौघडी केलेला कागद काढला. “हे तुमचं. घ्या.”

शकुंतलानं तो घेतला. कागदाला तांदळाचा वास येत होता. हे पत्र त्या हसतमुख माणसानं वाचलेलं नाही, एवढं तिला कळलं आणि पहिल्यांदा छाती मोकळी झाली. त्याच्या पाठोपाठ राग आला.

“एक ओळ लिहायची होती,” ती म्हणाली. “मुलगी शाळेत जाते, एवढी एक ओळ. मी समजून गेली असती.”

“माहीत आहे. म्हणूनच लिहिली नाही.”

“काहून?”

“तशी ओळ लिहिली असती, तर तुम्ही छाप पाठवले असते अन् आभारी आहे म्हटलं असतं. मला पत्र कोण लिहिते बाई? माहेरचं येते तेही यांच्या नावानं येते. ‘सर्वांना नमस्कार’मध्ये मी असते.” उषानं पदर सावरला. “माझं लग्न झालं तेव्हा मी नववीत होती. पहिल्यांदा ‘उभा होतो’ असं लिहिलं तेव्हा हात अडखळला. मग सवय झाली. मग तर चांगलंच वाटू लागलं. गेलो, थांबलो, पाहत राहिलो. मी खरंच पुलावर तासभर उभी राहिली असती तर कॉलनीभर झालं असतं. कागदावर कोणी विचारत नाही.”

“म्हणजे गार्ड वगैरे सगळं खोटं.”

“नाही!” उषा जवळजवळ ओरडलीच. “आमच्या क्वार्टरच्या मागच्या खिडकीतून लाईन दिसते. मी भांडी घासताना पाहते. पाहिलं ते सगळं खरं आहे. पुलावर उभं राहिलेलं तेवढं खोटं.”

आणि तेवढ्यात पाळणा सुटला. डबा एकदम खाली गेला, उषानं किंचाळून शकुंतलाचं मनगट धरलं. वर, खाली, पुन्हा वर. उषा रडत होती की हसत होती ते कळत नव्हतं. वाऱ्यानं तिचे केस तोंडावर आले होते. शकुंतलानं मनगट सोडवून घेतलं नाही आणि तिचा हातही धरला नाही. चार वर्षं ज्याच्याशी ती बोलत होती, तो माणूस तिच्या समोर बसला होता, आणि तो माणूस कुठंच नव्हता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या आणि पाळणा थांबेपर्यंत तिला त्यातली एकही नीट धरता आली नाही.

चारला सगळ्यांचा एकत्र फोटो निघाला. साडेचारला आमल्याकडे जाणारी गाडी. श्रीधरभाऊ, श्रावणजी, शकुंतला त्यांना पोचवायला स्टेशनवर गेले. सुधाकरांनी एका हातानं डब्याची दांडी धरून श्रीधरभाऊंना तिसऱ्यांदा सांगितलं की पुढचं संमेलन आमल्याला. स्मितानं आजोबांचा हात सोडला नाही, तो सोडवावा लागला.

उषा खिडकीशी बसली. शकुंतला खाली उभी होती.

“एक पत्र टाकाल?” उषा हळू म्हणाली. “वर माझं नाव लिहा. नुसतं उषा बारस्कर.”

“पाहू,” शकुंतला म्हणाली. याहून जास्त तिला खरंच सांगता येत नव्हतं.

परतीच्या एस.टी.त श्रावणजी बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. रामाकोन्याचं नाव लिहिलेली पाटी मागे गेल्यावर म्हणाले, “शकू, तू आज कोनाची वाट पाहत होती का वं?”

“नाही बाबा.”

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. थोड्या वेळानं नुसतं म्हणाले, “मानसं चांगली होती,” आणि आपली शाल काढून तिच्या गुडघ्यांवर टाकली.

त्यानंतरचे दिवस शकुंतलाला कठीण गेले. घरातलं कोणी गेलं तर लोक भेटायला येतात, चार दिवस चूल पेटत नाही, विचारायला बाया येतात. इथं गेलेल्याचं नाव घेण्यासारखं नव्हतं. सुधाकर बारस्कर तर आमल्याला धडधाकट होते. फेब्रुवारीत त्यांचं पाकीटही आलं. आतला कागद पाहून ती चक्रावली. अक्षर असं की कोंबडी चालून गेली असावी. कशीबशी वाचली ती ओळ: ‘घरची म्हणते यापुढे तुमचं तुम्ही लिहा, म्हणून मीच लिहून राहिलो. अक्षर समजून घ्यावे. कुलूप छाप दोन पाठवले.’

ती एकटीच हसली. हसता हसता डोळे भरून आले आणि मग कितीतरी वेळ थांबेनात.

दुपारी पोस्टमन गल्लीत शिरला की तिचे कान अजून तसेच टवकारायचे. शनिवारी शाळेतून येताना ती काही पाहायची, कोणाच्या दारात वाळणारी कुरडई, पिंपळाखाली बसलेला केस कापणारा, आणि मनात वाक्य जुळू लागायचं. मग आठवायचं की ते ज्या पत्त्यावर सांगायचं, तो पत्ता आता राहिला नाही. भाद्रपदातलं पत्र तिनं वाचलं नाही, फाडलंही नाही. छापांच्या वहीत शेवटच्या पानाला लावून ठेवलं. एकदा जुन्या पत्रांचा गठ्ठा काढून ती एकेक ओळ बाईच्या तोंडची करून वाचू लागली. उभा होतो, उभी होते. थांबलो, थांबले. काही ओळी तशा वाचल्यावर जास्त खऱ्या वाटल्या. भांडी घासता घासता खिडकीतून पाहणारी बाई त्या ओळींत आधीपासूनच होती, आपल्यालाच दिसली नव्हती. काही ओळी मात्र तशा वाचवेनात. त्या ओळींतला माणूस तिचा स्वतःचा होता. तिनं तो उषाच्या शब्दांवर उभा केला होता, आणि त्यात उषाचा दोष नव्हता.

वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून झाले, त्या दिवशी संध्याकाळी तिनं आंतरदेशीय पत्र घेतलं. वर लिहिलं, उषा बारस्कर. आत लिहिलं की मला राग आला होता आणि अजून पुरता गेलेला नाही. लिहिलं की बाबा स्मिताची आठवण काढतात. मग थोडं थांबून विचारलं, ‘आज तुम्ही काय पाहिलं?’

उत्तर आठव्या दिवशी आलं, चार पानांचं. पहिल्या पानावर खिडकीतलं काहीच नव्हतं. उषा पहिल्यांदाच एकटी बाजारात जाऊन वही घेऊन आली होती, त्याचीच हकिगत होती. तिला दहावीचा फॉर्म भरायचा होता, बाहेरून. सुधाकरांनी आधी नाही म्हटलं. मग स्मिता म्हणाली, आई माझ्यासोबत अभ्यास करेल, तेव्हा हो म्हणाले. बाकी विषय जमतील, पण गणित अठरा वर्षांपूर्वी सुटलं. ‘तुम्ही शिकवाल का, पत्रानं?’

शकुंतलानं शिकवलं. पहिलीला शिकवते तसंच अगदी मुळापासून, एका पानावर पाच उदाहरणं, खाली सोडवायला जागा. उषा ती सोडवून परत पाठवायची आणि मार्जिनमध्ये चार ओळी लिहायची, मालगाड्यांच्या, माणसांच्या. शकुंतला लाल शाईनं बरोबर-चूक करायची आणि त्या ओळींखालीही काहीतरी लिहायची.

श्रावणात एकदा तिनं उदाहरणांच्या कागदावर शेवटी लिहिलं, ‘खरं सांगू? मला अजून त्यांची आठवण येते. पुलावर उभे राहायचे त्यांची.’ टाकल्यावर तिला वाटलं, लिहायला नको होतं.

दहा दिवसांनी कागद परत आला. पाचही उदाहरणं सोडवलेली होती, तिसरं चुकलेलं. खाली झुकलेल्या अक्षरात लिहिलं होतं, ‘मलाही येते.’ आणि त्याच्याखाली, ‘बाई, दशांशाला दशांशानं भागताना टिंब कुठं जातं, ते पुन्हा एकदा सांगा. मला काही केल्या समजून नाही राहिलं.’